समलिंगी संबंध गुन्हा असलेल्या देशात नेमणूक: जावं का, आणि गेल्यास कसं राहावं?

प्रश्न थोडक्यात असा: कंपनी तीन वर्षांसाठी अशा देशात पाठवते आहे जिथे समलिंगी संबंध गुन्हा आहेत आणि समाजही कर्मठ आहे. विचारणारे गृहस्थ गे आहेत, अनेक वर्षांपासून एका पुरुषासोबत संसार करताहेत. घरी आणि मित्रांत ते उघड आहेत. जावं का, गेलं तर कसं राहावं आणि जोडीदाराने सोबत यावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी स्वतः गे आहे, नोकरीनिमित्त अशा देशांत राहिलो आहे आणि बऱ्याच वर्षांपासून परदेशी नेमणुकीवर जाणाऱ्यांना याच बाबतीत सल्ला देण्याचं काम करतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येतोच. पण आधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत पोलीस शोध घेत घेत एखाद्या परदेशी माणसाच्या दारात पोहोचले, असं क्वचितच दिसलं. सुरुवात बहुतेक वेळा ओळखीच्या माणसापासून झाली. भांडण झालेला रूममेट, बढती हुकलेला सहकारी, ॲपवर भेटलेला अनोळखी, किंवा भलत्याच्या हाती लागलेला अनलॉक फोन. त्यांच्या मनात राग होता किंवा पैशांची हाव होती, आणि कायद्याने त्यांच्या हातात हत्यार दिलं. म्हणून 'तिथे शिक्षा किती?' एवढ्यावर थांबू नका. माझ्याबद्दल तक्रार करावी असं कुणाला वाटू शकेल आणि त्याच्या हातात काय असेल, हा प्रश्न रोज विचारा.

कायदा मात्र बारकाईने वाचा. साठहून अधिक देशांत समलिंगी संबंध गुन्हा आहेत, पण ते सगळे एका मापाचे नाहीत. मोरोक्कोत कलम ४८९ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, कुवेतमध्ये कलम १९३ खाली सात वर्षांपर्यंत. इजिप्तच्या कायद्यात समलैंगिकतेचा थेट उल्लेखसुद्धा नाही, तरी १९६१ च्या वेश्याव्यवसायविरोधी कायद्यातलं दुराचाराचं कलम लावून लोकांना तुरुंगात टाकलं जातं. मलेशियात दंडसंहिता सर्वांना लागू आहे आणि त्याशिवाय राज्यांचे शरिया कायदे फक्त मुस्लिमांना. म्हणजे तुमचा धर्म कोणता यावर तुमची कायदेशीर स्थिती बदलते. इंडोनेशियाची नवी दंडसंहिता डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झाली आणि २ जानेवारी २०२६ पासून लागू झाली. तिच्यात विवाहबाह्य संबंध गुन्हा आहे, पण तक्रार फक्त पती-पत्नी, आईवडील किंवा मुलं करू शकतात. तिथल्याच आचे प्रांतात मात्र समलिंगी संबंधांसाठी जाहीर फटक्यांची शिक्षा आहे. एका देशात दोन वेगळी जगं असू शकतात, त्यामुळे देशाचं नाव पाहून थांबू नका, शहर आणि प्रांत बघा.

कलमाइतकीच त्याची दिशाही महत्त्वाची आहे. तुम्ही तीन वर्षांसाठी जाताय आणि तीन वर्षांत कायदा बदलतो. सिंगापूरमध्ये पुरुषांमधले संबंध गुन्हा ठरवणारं ३७७-अ हे कलम २०२२ अखेरपर्यंत पुस्तकात होतं, पण ते राबवणार नाही असं सरकारने २००७ मध्येच सांगितलं होतं आणि लोक बऱ्यापैकी निर्धास्त जगत होते. उलट रशियात पुरुषांमधले संबंध १९९३ पासून गुन्हा नाहीत, तरी नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ' अतिरेकी ठरवली आणि त्यानंतर इंद्रधनुषी चिन्ह दाखवल्याबद्दलही लोकांना शिक्षा झाल्या. इराकमध्ये एप्रिल २०२४ पर्यंत थेट कायदा नव्हता, आता १० ते १५ वर्षं कैदेचा आहे. युगांडाने २०२३ मध्ये जन्मठेप आणि काही प्रकारांत मृत्युदंड आणला. त्यात ओळखीच्या माणसाबद्दल पोलिसांना कळवण्याची सक्ती होती, घर भाड्याने देणाऱ्यालाही शिक्षा होती. ही कलमं एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने रद्द केली, बाकीचा कायदा तसाच ठेवला. निवडणुका जवळ असतील आणि नेत्यांना ओरडायला सोपा विषय हवा असेल, तर शांत दिसणारं शहर काही महिन्यांत बदलतं. जाण्याआधी गेल्या दोन-तीन वर्षांच्या अटकेच्या बातम्या वाचा. राज्य कायदा कुणावर आणि कशावरून वापरतंय ते तिथेच दिसतं.

आता पहिला प्रश्न, जावं का. मृत्युदंड किंवा दीर्घ कैदेचा कायदा प्रत्यक्ष वापरात असेल आणि अटकेची मोहीम चालू असेल, तर माझा सल्ला 'नको' असा आहे, पगार कितीही असो. यापेक्षा कमी धोक्याच्या देशांत अनेक गे माणसं वर्षानुवर्षं नीट राहतात, काम करतात, प्रेमही करतात. पण निर्णयाआधी कंपनीकडून काही उत्तरं मिळवा. नेमणूक नाकारली तर बढतीवर परिणाम होईल का? अटक झाली तर वकील कंपनी देईल का, आणि अशा आरोपातही देईल का? तातडीने देश सोडावा लागला तर खर्च आणि नोकरीचं काय? कंपनीचं भेदभावविरोधी धोरण कितीही सुंदर असलं तरी तिथल्या कोर्टात त्याला किंमत नसते. हे प्रश्न मुख्य कार्यालयातल्या विश्वासू माणसाला विचारा, तिथल्या स्थानिक शाखेला नाही. इथे एक बारीक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते: विम्याच्या किंवा भविष्य निधीच्या कागदावर जोडीदार वारस म्हणून असेल, तर तो कागद बदली होताना स्थानिक एचआरच्या टेबलावर जाऊन पडतो. ही सगळी कागदपत्रं मूळ देशाच्या कार्यालयातच राहतील, असं लेखी ठरवून घ्या. तुमचं दुसऱ्या देशात लग्न झालं असेल तर व्हिसाच्या फॉर्मवर वैवाहिक स्थिती काय लिहायची हे इमिग्रेशन वकिलाला विचारूनच ठरवा. फॉर्मवरची चूक नंतर वेगळा गुन्हा होऊ शकते.

ज्या देशांत निवासपरवाना मालकाशी बांधलेला असतो, आखाती देशांतल्या कफाला पद्धतीसारखा, तिथे नोकरी गेली की राहण्याचा हक्कही जातो. कुणी कोर्टात जायची गरजच उरत नाही. कुजबुज साहेबापर्यंत पोहोचली तरी तुमची बॅग भरली जाऊ शकते.

राहण्याबद्दल बोलायचं तर रोजचं जगणं बऱ्याच जणांना वाटतं त्यापेक्षा सोपं असतं. परंपरावादी समाजांत पुरुष पुरुषांसोबत राहतात, एका खोलीत झोपतात, हातात हात घालून फिरतात, आणि कुणी वळूनही पाहत नाही. दोन पुरुषांनी घर भाड्याने घेणं हे अविवाहित स्त्री-पुरुषाने घेण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं. शक्य असेल तर एकट्याचं घर घ्या, मालक त्याच इमारतीत राहत नसेल असं. घरकामाला येणारी व्यक्ती सगळं पाहते हे लक्षात ठेवा, आणि तिच्याशी नीट वागा. तो माणुसकीचा भाग आहेच, पण दुखावलेला माणूस हाच खरा धोका असतो हेही आहे.

'लग्न झालं का?' हा प्रश्न टॅक्सीवाल्यापासून मंत्रालयातल्या कारकुनापर्यंत सगळे विचारतील. त्यात बहुधा संशय नसतो, आपुलकी असते. खोटी बायको उभी करू नका. तिचं नाव, तिची नोकरी, मुलं का नाहीत, सगळं लक्षात ठेवावं लागतं आणि एक दिवस ते विसरतं. 'नाही झालं' एवढं हसून सांगा, त्यांच्या मुलांबद्दल विचारा. उत्तर दर वेळी तेच आणि तितकंच कंटाळवाणं असू द्या.

परदेशात गेल्यावर माणूस आपल्या देशाची मंडळी शोधतो. सणांना एकत्र जमतात, अडीनडीला धावून येतात, आणि खरंच आधार वाटतो. पण स्थानिक माणसापेक्षा आपल्याच माणसांतली चर्चा जास्त दूर जाते: इकडे ऑफिसात आणि तिकडे गावात. स्थानिकाला तुमच्या आयुष्यात फारसा रस नसतो, देशबांधवाला असतो. त्यांच्यापासून तुटून राहू नका, पण तिथे कुणाला सांगायचं हे सगळ्यांत सावकाश ठरवा.

फोनबद्दल मी सगळ्यात कडक आहे. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने फेब्रुवारी २०२३ मध्ये इजिप्त, इराक, जॉर्डन, लेबनॉन आणि ट्युनिशियाबद्दल दिलेल्या अहवालात एकच गोष्ट पुन्हापुन्हा दिसते: पोलीस ॲपवर खोटं प्रोफाइल काढून बोलावतात, नाक्यावर अडवून फोन तपासतात, आणि त्यातले फोटो आणि चॅट हाच पुरावा होतो. पोलीसच कशाला, मोरोक्कोत एप्रिल २०२० च्या लॉकडाउनमध्ये लोकांनीच खोटी प्रोफाइल काढून गे पुरुषांचे फोटो जाहीर केले. कित्येकांना स्वतःच्या घरातून हाकललं गेलं. म्हणून निघण्याआधी जुना फोन घरी ठेवा आणि रिकामा, नवा फोन घेऊन जा. क्लाउडवरून जुने फोटो आपोआप उतरणार नाहीत हे तपासा. बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडणारं कुलूप बंद करा आणि लांब पासवर्ड ठेवा, कारण बोट जबरदस्तीने टेकवता येतं. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू देऊ नका. मेसेज ठरावीक वेळाने आपोआप पुसले जातील अशी सोय लावा आणि समोरच्यालाही लावायला सांगा, कारण तुमचा फोन स्वच्छ असून उपयोग नाही, त्याच्या फोनमध्येही तुम्ही असता. समाजमाध्यमांवरच्या जुन्या पोस्ट आणि मित्रांनी टॅग केलेले फोटोही चाळा. नवीन सहकारी तुमचं नाव पहिल्याच आठवड्यात शोधतील.

डेटिंग ॲप वापरायचीच असतील तर चेहरा आणि शरीर एकाच फोटोत नको, कामाची जागा आणि खरं नाव नको. ग्राइंडर या गे डेटिंग ॲपने २०१४ मध्ये धोकादायक देशांत अंतर दाखवणं बंद केलं, कारण वेगवेगळ्या ठिकाणांहून मोजलेल्या अंतरांवरून माणसाचं घर शोधता येत होतं. तुमच्या ॲपमध्ये अंतर दिसणं बंद आहे का ते स्वतः बघा. भेटण्याआधी व्हिडिओवर बोला. पहिली भेट दिवसा, गर्दीच्या कॅफेत. जो माणूस पहिल्याच गप्पांत नागडा फोटो मागतो, पैशाचा विषय काढतो किंवा थेट पत्ता विचारतो, त्याला तिथेच सोडा. इंटरनेटवर तुमचं ठिकाण लपवणाऱ्या व्हीपीएनबद्दल स्थानिक नियम वाचा. संयुक्त अरब अमिरातीत गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी ते वापरल्यास पाच लाख ते वीस लाख दिरहॅम दंड आहे, आणि जिथे संबंधच गुन्हा आहे तिथे या वाक्याचा अर्थ काय होतो ते तुम्हीच पाहा. ॲपवरच्या पार्ट्यांमध्ये अमली पदार्थ येतात. यातल्या बऱ्याच देशांत त्यांची शिक्षा समलिंगी संबंधांपेक्षाही भयंकर असते. तिथून उठून निघा.

आता ज्या विषयावर परदेशी लोक सगळ्यात कमी विचार करतात त्याबद्दल. तिथल्या एखाद्या पुरुषाशी तुमचं नातं जुळलं, किंवा नुसती मैत्री झाली, तर दोघांचा धोका सारखा नसतो. ११ मे २००१ रोजी कैरोत नाईल नदीवरच्या एका तरंगत्या नाइटक्लबवर छापा पडला. तिथल्या परदेशी लोकांना पोलिसांनी जाऊ दिलं. ५२ इजिप्शियन पुरुषांवर खटला चालला, त्यांची नावं आणि फोटो वर्तमानपत्रांत छापले गेले, आणि पहिल्या निकालात २३ जणांना शिक्षा झाली. आजही साधारण हेच घडतं: परदेशी माणसाला विमानात बसवतात, स्थानिक माणूस तुरुंगात जातो आणि सुटल्यावर त्याला घर उरत नाही. म्हणून किती सावध राहायचं हे त्याला ठरवू द्या. तो म्हणाला इमारतीत एकत्र शिरू नको, तर शिरू नका. तो म्हणाला फोनमध्ये माझं नाव बदल, तर बदला. 'एवढं काय घाबरतोस' हे वाक्य तुमच्या तोंडी शोभत नाही. पैशाचंही तसंच आहे. तुमचा पगार त्याच्या कित्येक पट असेल तर तुम्ही न मागताही तो तुमच्यावर अवलंबून होतो. नातं तुटताना तो राग आणि तुमची भीती एकमेकांत मिसळतात, आणि ब्लॅकमेलची सुरुवात पुष्कळदा अशाच अर्धवट सोडलेल्या नात्यांतून होते. जाताना नीट निरोप घ्या, दिलेला शब्द पाळा, आणि 'तुला माझ्या देशात नेतो' असं, खरंच करणार नसाल तर, कधीही म्हणू नका.

परदेशी असण्याचं हे कवच सगळ्यांना सारखं मिळत नाही, हेही सांगायला हवं. श्रीमंत देशाचा पासपोर्ट असलेला व्यवस्थापक आणि बांधकामावरचा मजूर एकाच कलमाखाली पकडले गेले तर त्यांना मिळणारी वागणूक वेगळी असते. तुमच्याकडे त्या देशाचंही नागरिकत्व असेल, तर ते कवच जवळजवळ नाहीच. तुम्ही त्यांच्यासाठी त्यांचेच नागरिक.

आरोग्याबद्दल थोडक्यात, पण चुकवू नका. आखाती सहकार्य परिषदेच्या सहाही देशांत (सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, बहारीन, ओमान) निवासपरवान्यासाठी एचआयव्ही चाचणी असते आणि ती पॉझिटिव्ह आली तर परवाना मिळत नाही, आधीपासून राहत असाल तर परत पाठवतात. म्हणून चाचणी निघण्याआधी स्वतः करून घ्या. प्रेप, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी, घेत असाल तर दर तीन महिन्यांची तपासणी कुठे करणार हे आधी ठरवा. बरेच जण ती सुट्टीत तिसऱ्या देशात करतात. गोळ्या मूळ डबीत आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्या, पण त्या गोळ्या कशाच्या आहेत हे जाणकाराला कळतं, याचीही तयारी ठेवा. धोक्याचा संबंध आला तर पेप, म्हणजे संबंधानंतर एचआयव्ही टाळण्यासाठी घ्यायचं औषध, ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. ते तिथे मिळतं का, कुणाकडे मिळतं आणि डॉक्टर कुणाला कळवतो का, हे गरज पडण्याआधी शोधून ठेवा.

मनाचं काय होतं, यावर लोक बोलत नाहीत. संशोधक इलान मेयर यांनी २००३ मध्ये जी मांडणी केली, की अल्पसंख्य माणसावर रोजच्या ताणाच्या वर आणखी एक सततचा ताण असतो आणि त्यात लपवण्याचा मोठा वाटा असतो, ती मी माणसांमध्ये उतरताना पाहिली आहे. पहिले सहा महिने नव्या जागेच्या उत्साहात जातात. मग प्रत्येक वाक्य तपासून बोलण्याचा थकवा चढतो. झोप बिघडते, दारू वाढते, माणूस चिडका होतो आणि कारण त्याला स्वतःलाही कळत नाही. यावर मला दोनच गोष्टींचा खरा उपयोग दिसला. एक, दुसऱ्या देशातल्या समुपदेशकाशी ठरलेल्या दिवशी ऑनलाइन बोलणं, त्रास सुरू होण्याआधीपासूनच. दोन, दर काही महिन्यांनी अशा ठिकाणी जाऊन राहणं जिथे आवाज खाली करावा लागत नाही. या सुट्ट्यांची तरतूद नेमणुकीच्या करारातच मागा. आणि स्वतःला भित्रा म्हणू नका. आपल्याबद्दलची माहिती कुणाला द्यायची हे ठरवणं हा तुमचा हक्क आहे, तो तिथे जरा कडकपणे वापरावा लागतो, एवढंच.

काही बिघडलंच तर काय? ब्लॅकमेल करणाऱ्याला पैसे देऊ नका. पहिला हप्ता दिला की तो दुसरा मागतो, मी याला अपवाद पाहिलेला नाही. त्याचे मेसेज देशाबाहेरच्या विश्वासू माणसाकडे पाठवून ठेवा, मग फोनवरून पुसा. जिथे संबंधच गुन्हा आहे तिथे वकिलाशिवाय पोलिसांकडे जाऊ नका. प्रकरण गंभीर वाटलं तर रजा टाकून देशाबाहेर या आणि पुढचं बाहेरून ठरवा. अटक झाली तर १९६३ च्या व्हिएन्ना वाणिज्यदूत कराराच्या कलम ३६ नुसार तुमच्या वाणिज्य दूतावासाला कळवण्याचा तुमचा हक्क आहे, पण तो मागावा लागतो. 'माझ्या दूतावासाला कळवा' हे वाक्य स्थानिक भाषेत पाठ करा. दूतावास तुम्हाला सोडवू शकत नाही. तो भेटायला येतो, वकिलांची यादी देतो, घरी कळवतो. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका, आणि वैद्यकीय 'तपासणी'ला संमती देऊ नका. ट्युनिशिया आणि इजिप्तमध्ये अशा गुदद्वाराच्या तपासण्या पुरावा म्हणून वापरल्या गेल्या आहेत, त्यांना शास्त्रीय आधार काहीही नाही. एका वकिलाचा नंबर पहिल्याच महिन्यात मिळवा. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा आणि परतीच्या तिकिटाचे पैसे त्या देशाबाहेरच्या खात्यात असू द्या. काही देशांत नोकरीचा वाद किंवा कर्ज असेल तर बाहेर जायला बंदी येते, म्हणून तिथल्या बँकेचं मोठं कर्ज घेऊ नका.

आता जोडीदार. तुमच्या नात्यावर व्हिसा देणारे देश आशियात थोडेच आहेत. हाँगकाँगच्या अंतिम अपील न्यायालयाने २०१८ मध्ये समलिंगी जोडीदाराला आश्रित व्हिसा द्यायला लावला, पण तुम्ही जाताय तिथे तसं होणार नाही. मग उरतं ते त्याने स्वतःची नोकरी मिळवून येणं. तसं झालं तर या, वेगवेगळ्या मालकांकडे काम करा, दोन खोल्यांचं घर घ्या, दोन्ही खोल्या वापरात दिसू द्या आणि जगासाठी जुने मित्र म्हणून राहा. पुष्कळ जोडपी अशी सुखाने राहिली आहेत. पर्यटक व्हिसावर पुन्हापुन्हा येऊन महिनोन्महिने राहणं मात्र टाळा: तो दिवसभर घरात एकटा, बेरोजगार, तुमच्यावर पूर्ण अवलंबून, आणि विमानतळावर प्रत्येक वेळी प्रश्न. त्यापेक्षा तिसऱ्या देशात भेटा. तुम्ही वेगळे राहणार असाल तर निघण्याआधी दोघांची मृत्युपत्रं, वैद्यकीय निर्णयाचं अधिकारपत्र आणि बँकेतलं नामनिर्देशन पूर्ण करा, कारण तिथे तुम्हाला अपघात झाला तर रुग्णालय त्याला कुणीच मानणार नाही. तुमच्या बहिणीला किंवा भावाला हे सगळं माहीत असू द्या. अधिकृत इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून त्यांचं नाव लिहा, आणि फोन आला की त्यांनी पहिला फोन त्याला करायचा, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.